प्लांटेड टँकमध्ये कार्बन: ठेवायचा कधी, काढायचा कधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांच्या घरी असाच प्लांटेड टँक, जिवंत पाणझाडं लावलेला माशांचा टँक, आहे त्यांनाही पुढचं नीट लागेल. गोव्यात फोंड्याला घरी तीन फुटी टँक, सुमारे दीडशे लिटर पाणी. खाली नवं ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त माती), मध्ये मोठं ड्रिफ्टवूड (सजावटीचं लाकूड), झाडांत रोटाला, क्रिप्टोकोरायने आणि अनुबियास. टँक लावून तीन आठवडे झालेत, पाणी पिवळट तपकिरी दिसतंय. कॅनिस्टर फिल्टरबरोबर (टँकबाहेरच्या डब्यातला फिल्टर) पाणी स्वच्छ करणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी आली होती, ती तुम्ही बसवलीत. दुकानदाराने सांगितलं की कार्बन दर महिन्याला बदलायलाच हवा. एका मित्राने सांगितलं की कार्बन झाडांचं खत खातो, आजच्या आज काढून टाक. त्यातच रोटालाची नवी पानं फिकी येऊ लागली, आणि मित्राचं म्हणणं तुम्हाला पटायला लागलं.

माझं उत्तर दोघांपेक्षा वेगळं आहे. आत्ता कार्बन काढू नका. टँक जमला, म्हणजे पाणी आणि त्यातले जिवाणू स्थिरावले, की मात्र काढा, आणि परत कायमचा बसवू नका. कार्बन हा कामापुरता वापरायचा माल आहे. काम काय आहे ते ठरवून घालावा आणि झालं की उचलावा. फिकी पानं हा वेगळा विषय आहे, त्याकडे येतोच.

ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे करवंटी, दगडी कोळसा किंवा लाकूड हवा न लागू देता जाळायचं आणि मग 800 ते 1000 अंश सेल्सियसच्या आसपास वाफेत भाजायचं. त्याने कोळशाला आतून असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग 500 ते 1500 चौरस मीटर भरतो. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. घरी चुलीत करवंटी जाळून केलेला कोळसा हा नव्हे. काहीजण तो धुऊन फिल्टरमध्ये घालतात. त्याने पाण्याचा रंग फारसा जात नाही आणि राख तेवढी पाण्यात उतरते.

कार्बन काय धरतो? टॅनिन, म्हणजे लाकडातून आणि पानांतून उतरणारा पिवळा-तपकिरी रंग. पाण्याचा वास. फिनॉलसारखी रसायनं, बहुतेक रंगीत औषधं, बरीचशी कीटकनाशकं. क्लोरीनही कार्बनवर मोडतो. आणि काय धरत नाही? अमोनिया नाही, नायट्राइट नाही, नायट्रेट नाही. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ यांतलं काहीच सांगण्यासारखं धरत नाही. फॉस्फेट तर कधी कधी उलटा कार्बनमधूनच पाण्यात येतो, कारण काही कार्बन बनवताना फॉस्फोरिक ॲसिड वापरलेलं असतं.

आता मित्राचं म्हणणं ताडून बघा. झाडांना भरपूर लागणारं खत म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम. त्याला कार्बन हात लावत नाही. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवरही त्याचा परिणाम जाणवण्याइतका होत नाही. उरतात ती सूक्ष्मद्रव्यं, म्हणजे लोह, मँगनीज, जस्त, तांबं. द्रवखतातलं लोह बहुधा ईडीटीए किंवा डीटीपीए या सेंद्रिय रेणूंना बांधून दिलेलं असतं आणि कार्बनला सेंद्रिय रेणू आवडतात. म्हणून ताज्या कार्बनवर त्यातलं थोडं अडकतं, हे खरं आहे. एवढ्याच धाग्यावरून ‘कार्बन खत खातो’ ही समजूत पसरली. प्रत्यक्षात ज्या टँकमध्ये नियमित खत पडतं तिथे झाडांमध्ये फरक दिसत नाही. जिथे खत अगदी थेंबाथेंबाने दिलं जातं आणि कार्बनची पिशवी नवी कोरी असते, तिथे पहिला आठवडाभर लोह थोडं कमी पडू शकतं. त्याला उपाय सोपा आहे: नवा कार्बन घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस सूक्ष्मद्रव्यांचं खत टाकू नका, मग नेहमीप्रमाणे सुरू करा.

बाजारात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून बाटली मिळते, तिचा या सगळ्याशी संबंध नाही. ती ग्लुटारल्डिहाइडच्या जातीची रसायनं असतात. व्हॅलिसनेरिया आणि काही शेवाळी झाडं तिने विरघळतात. तुमच्या टँकला तिची गरज नाही.

मग पानं फिकी का? तीन आठवड्यांच्या टँकमध्ये याची कारणं दुसरीकडे शोधायची. दुकानात मिळणारी रोटाला पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवलेली असते. टँकमध्ये आली की ती जुनी पानं टाकते आणि पाण्यातली नवी पानं काढते. ही नवी पानं आकाराने आणि रंगाने वेगळीच असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. क्रिप्टोकोरायनेचंही तसंच. पानं अचानक पारदर्शक होऊन गळतात, लोक तिला मेली समजून उपटून टाकतात, आणि खाली मूळ जिवंत असतं. आपल्याकडच्या ओढ्या-नद्यांच्या काठी क्रिप्टोकोरायने स्पायरालिस आपसूक वाढते. पावसात ती बुडते, उन्हाळ्यात उघडी पडते, प्रत्येक वेळी पानं बदलते. तुमच्या क्रिप्टोला तेवढा वेळ द्या.

खरोखरच कमतरता असेल तर पान नीट बघा. शेंड्याचं कोवळं पान पिवळट आणि त्याच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. जुनी, खालची पानं शिरांच्या मधून पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम. जुन्या पानांना बारीक भोकं पडून कडा करपत असतील तर पोटॅशियम. शेंडा वाकडा-तिकडा, पानं आखडलेली येत असतील तर कॅल्शियमचा संशय घ्यायचा. आपल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळात कमी असतं, म्हणून गोव्यात फिकी पानं दिसली की मी आधी पाण्याचा कठीणपणा तपासतो. कार्बनकडे त्यानंतर बघतो.

आता पिवळ्या पाण्याकडे येऊ. हा रंग दोन ठिकाणांहून येतोय. ड्रिफ्टवूड टॅनिन सोडतंय आणि नवं सॉइलही सोडतंय. माशांना याचा त्रास नाही, उलट फायटर आणि अनेक लहान माशांना असं पाणी मानवतं. पण टॅनिन निळा प्रकाश जास्त शोषतं, आणि झाडं निळा-लाल प्रकाश वापरतात. अठरा इंच खोल टँकमध्ये हलक्या पिवळेपणाने काही बिघडत नाही. पाणी गडद झालं की तळाशी असलेल्या झाडांना फरक जाणवतो. शिवाय तुम्हाला स्वच्छ पाणी बघायचंय, तेही कारण पुरेसं आहे.

जपानचे ताकाशी अमानो (1954–2015), ज्यांच्यामुळे प्लांटेड टँक जगभर गेला, त्यांच्याकडेही नव्या टँकच्या सुरुवातीला फिल्टरमध्ये कार्बन घालायची पद्धत होती. टँक जमल्यावर त्याची जागा जिवाणूंच्या मीडियाला, म्हणजे घाण मोडणारे जिवाणू ज्यांवर वाढतात त्या सिरॅमिक रिंगांसारख्या मालाला, द्यायची. मी हीच वाट धरतो, आणि आपल्याकडच्या हवा-पाण्यात ती जास्तच उपयोगी पडते.

मात्र कोणता कार्बन, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारा बहुतेक कार्बन करवंटीचा असतो. करवंटीच्या कार्बनची छिद्रं फार बारीक, बहुतेक 2 नॅनोमीटरपेक्षा लहान. क्लोरीन, वास, कीटकनाशकं यांसाठी तो उत्तम. टॅनिनचे आणि ह्युमिक द्रव्यांचे रेणू मोठे असतात, ते त्या छिद्रांत नीट शिरत नाहीत. रंग काढायला दगडी कोळशाचा किंवा लाकडाचा कार्बन सरस, कारण त्यात मोठी छिद्रं जास्त असतात. पाकिटावर ‘आयोडीन नंबर’ 900–1000 असा आकडा असतो. तो बारीक छिद्रांचं माप सांगतो. रंग किती निघेल हे त्यावरून कळत नाही. पिवळेपणासाठी कार्बन घेत असाल तर तो कशापासून केलाय ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर थोडा घरी आणून तपासा: बदामाचं वाळकं पान उकळून गडद पाणी करा, दोन पेल्यांत सारखं घ्या, एकात धुतलेला कार्बन एक चमचा घाला आणि मधून मधून ढवळत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर ठेवले की मालाचा दर्जा समोर दिसतो.

बदामाच्या पानांवरून आठवलं. फायटर पाळणारे टँकमध्ये मुद्दाम बदामाची पानं सोडतात आणि त्याच टँकच्या फिल्टरमध्ये कार्बनही ठेवतात. पान जे देतं तेच कार्बन काढून घेतो, दोन्ही वाया. दोन्हींतलं एक ठरवा.

आणखी एक इशारा आणि तो गंभीर आहे. पैसे वाचवायला पुष्कळजण घरच्या वॉटर प्युरिफायरचा कार्बन टँकमध्ये वापरतात. त्यातल्या काही कार्बनवर चांदी चढवलेली असते, जंतू वाढू नयेत म्हणून. ती चांदी तुमच्या फिल्टरातल्या जिवाणूंना मारते आणि झिंग्यांना तर फारच घातक. पाकिटावर ‘सिल्व्हर’ हा शब्द दिसला की तो कार्बन टँकजवळ आणायचा नाही. काहीच लिहिलेलं नसेल तरी नको.

आता आपल्या पाण्याचा प्रश्न. मला वाटतं हा भाग गोव्यातल्या लोकांनी सगळ्यात लक्ष देऊन वाचावा, कारण परगावच्या सल्ल्यात तो येत नाही. आपली जमीन जांभ्या दगडाची. तिच्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. केएच, म्हणजे पीएच धरून ठेवणारी कार्बोनेटची ताकद, बऱ्याचदा 1–2 अंशांवरच अडकलेली. अशा पाण्याचा पीएच थोड्याशा कारणानेही सरकतो. कार्बनमध्ये राख असते आणि राख अल्कधर्मी. नीट न धुतलेला कार्बन मऊ पाण्यात घातला की पीएच वर चढतो. कठीण पाण्याच्या गावात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे का घातक, ते सांगतो. नवं सॉइल पहिले काही आठवडे अमोनिया सोडतं. पीएच 6.5 च्या आसपास असेल तोवर त्यातला जवळजवळ सगळा भाग अमोनियमच्या रूपात असतो, तो माशांना फारसा बाधत नाही. पीएच एक अंकाने चढला की विषारी अमोनियाचा वाटा सुमारे दहापट होतो. तुमच्या टँकमध्ये सॉइल स्वतः पीएच खाली ओढतंय, त्यामुळे धोका कमी आहे. साध्या वाळूवर झाडं लावलेल्या टँकमध्ये तो खरा आहे. आणि कार्बन अमोनिया घेत नाही हे वर आलंच. सुरुवातीचा अमोनिया घालवायला पाणी बदलणं हाच उपाय, पहिले दोन आठवडे दिवसाआड तिसरा हिस्सा, मग आठवड्यातून दोनदा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे सोडू नका.

म्हणून कार्बन घालायच्या आधी तो धुवायचा कसा ते बघा. बारीक जाळीच्या पिशवीत भरा, नळाखाली धरा. पहिल्यांदा काळं पाणी जाईल, ते स्वच्छ होईपर्यंत चोळत राहा. मग पिशवी बादलीभर पाण्यात सोडा. कोरडा कार्बन पाण्यात पडला की कान जवळ नेल्यावर चुरचुर ऐकू येते आणि दाण्यांतून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे माळेसारखे वर येत राहतात. छिद्रांतली हवा बाहेर पडते आहे. ती पुरती निघेपर्यंत पाणी आत शिरत नाही आणि कार्बन अर्धाच कामाला लागतो. रात्रभर भिजू द्या. सकाळी त्या बादलीतल्या पाण्याचा पीएच आणि नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा पीएच शेजारी शेजारी मोजा. फरक अर्ध्या अंकापेक्षा जास्त असेल तर पाणी ओतून द्या आणि आणखी एक रात्र नव्या पाण्यात भिजवा. फॉस्फेटची टेस्ट किट असेल तर तीही याच पाण्यावर करून घ्या.

तुमच्याकडे ओपाचं पाणी येत असेल तर क्लोरीनचाही विचार हवा. खांडेपार नदीचं पाणी ओपा प्रकल्पात शुद्ध होऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) मुक्त क्लोरीन प्रति लिटर किमान 0.2 मिलिग्रॅम असावा असं म्हटलंय. पावसात नदी गढूळ झाली की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तुम्हीही अनुभवलं असेल. कार्बन क्लोरीन मोडतो हे खरं, पण तुम्ही नळाचं पाणी सरळ टँकमध्ये ओतलंत तर ते फिल्टरमध्ये पोचण्याआधी माशांच्या कल्ल्यांना लागतं, आणि फिल्टरमध्ये कार्बनच्या आधी जिवाणूंच्या रिंगा असतात. क्लोरीन टँकच्या बाहेरच घालवायचा. सोडियम थायोसल्फेटचे खडे, दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळतात, 1 मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे 7 मिलिग्रॅम लागतात. 50 लिटर पाणी बदलताना प्रति लिटर 1 मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर 350 मिलिग्रॅम. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर थांबलेल्या पाण्यात क्लोरीन तसाही कमी झालेला असतो.

डिचोली, सांगे या खाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेलं सापडतं. बादलीत ठेवलं की हवा लागून तांबूस गाळ बसतो. तिथले लोक ते काढायला कार्बन घालतात आणि कार्बनच लवकर बुजून जातो. ते पाणी आधी पिंपात एअर स्टोन लावून एक दिवस ठेवावं, गाळ बसू द्यावा, वरचं पाणी बारीक स्पंजमधून गाळून घ्यावं. लाकडाचंही एक सांगतो. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेलं सुंदर लाकूड काहीजण आणतात. त्यातलं मीठ कार्बनने जात नाही. ते गोड्या पाण्यात कित्येक आठवडे, पाणी बदलत, भिजवावं लागतं.

फिल्टरमध्ये कार्बन कुठे ठेवायचा? तुमच्या कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर जातं. सगळ्यात खाली जाड स्पंज, मग बारीक वूल, मग सिरॅमिक रिंगा, आणि शेवटी, सगळ्यात वर, कार्बन. गाळ आधीच अडला नाही तर कार्बनची छिद्रं गाळाने बुजतात. पिशवी ट्रेमध्ये पूर्ण पसरवा. बाजूने फट राहिली की पाणी तिथूनच पळतं आणि कार्बन कोपऱ्यात नुसता बसून राहतो. माझा हिशेब एका लिटरला एक ग्रॅम, तुम्हाला दीडशे ग्रॅम पुरे. जास्त घातल्याने रंग लवकर जाईल, पण पिशवी जाड झाली की प्रवाह मंदावतो, आणि झाडांना प्रवाह हवा असतो.

दर महिन्याला बदला, हा सल्ला मला पटत नाही. कार्बन किती दिवस चालेल हे पाण्यात किती माल आहे त्यावर ठरतं. तुमच्या टँकमध्ये नवं लाकूड आहे, पहिली पिशवी दोन आठवड्यांतच भरेल. जमलेल्या टँकमध्ये तीच दोन महिने काम देईल. ओळखायचं कसं? टँकच्या एका टोकाला काचेमागे पांढरी ताटली धरा आणि दुसऱ्या टोकाच्या काचेतून लांबीच्या दिशेने बघा. तीन फूट पाण्यातून ताटली पांढरी दिसली तर कार्बन काम करतोय. कार्बन आत असूनही ती आठवड्यागणिक पिवळी होत गेली तर तो भरला.

भरलेला कार्बन धरलेलं सगळं एकदम टँकमध्ये परत सोडतो, अशी भीती दाखवतात. कदंबाच्या बसमध्ये सगळ्या सीटा भरल्या की पुढच्या स्टॉपवरचा माणूस चढू शकत नाही, पण बसलेले काही सगळेच्या सगळे तिथे उतरत नाहीत. एखाददुसरा उतरेल. पाण्याचा पीएच मोठा बदलला तर थोडंफार सुटू शकतं, पण मासे मरावेत असा लोंढा येत नाही. भरलेल्या कार्बनवर जिवाणू बसतात आणि तो साध्या बायो मीडियासारखा वागू लागतो, रिंगांच्या मानाने कमी जागेचा. म्हणूनच कायमचा ठेवू नका म्हणतो: ट्रे एकच आहे, त्यात रिंगा जास्त काम करतील. आणि सतत कार्बन असला की पाणी वरवर स्वच्छ दिसत राहतं. कुजलेली पानं, जास्त पडलेलं खाणं, न बदललेलं पाणी, या गोष्टींचा रंग आणि वास तुमच्यापर्यंत पोचत नाही.

ओव्हनमध्ये भाजून किंवा उन्हात वाळवून कार्बन पुन्हा ताजा होतो, हे खरं नाही. त्याला कारखान्यातली शेकडो अंशांची भट्टी लागते, घरचा ओव्हन 250 पर्यंत जातो. परत परत वापरायचंच असेल तर रंग ओढणारं रेझिन मिळतं, प्युरिजेन नावाचं. टॅनिनसाठी ते कार्बनपेक्षा चांगलं, आणि ब्लीचमध्ये टाकून पुन्हा पांढरं होतं. पण ब्लीच पुरता धुऊन, थायोसल्फेटमध्ये बुडवून, वास पूर्ण गेल्याशिवाय ते टँकमध्ये घालायचं नाही. महाग आहे. एका टँकसाठी मी ते घ्या म्हणणार नाही.

आता ज्या कारणासाठी प्रत्येक टँकवाल्याने घरी कार्बनची बंद बरणी ठेवावी असं मला मनापासून वाटतं, ते कारण. पावसाळा आला की डेंग्यू-मलेरियासाठी वाड्यावाड्यावर धुराची फवारणी होते. आपण घरातही कॉइल लावतो, लिक्विडचं यंत्र रात्रभर चालू ठेवतो. डासांवरच्या या औषधांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटाची रसायनं असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, पण माशांना ती अतिशय विषारी, आणि झिंग्यांना त्याहून जास्त. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, आणि ज्या खोलीत कॉइल जळते तिथेच टँक असतो. सकाळी झिंगे उलटे पडलेले दिसतात आणि लोक पाण्यात दोष शोधत बसतात.

फवारणीची गाडी येणार असं कळलं की एअर पंप बंद करा, खिडक्या लावा, टँकवर प्लॅस्टिकची चादर कडेपर्यंत टाका. कॅनिस्टर चालूच ठेवा, तो हवा ओढत नाही. फिल्टरचं पाणी वरून धबधब्यासारखं पडत असेल तर पाइपचं तोंड तेवढ्या वेळापुरतं पाण्याखाली घ्या. आधीच धुऊन भिजवलेली करवंटीच्या कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये घाला. या कामाला बारीक छिद्रांचा करवंटीचा कार्बनच चांगला. दोन तासांनी खिडक्या उघडा, हवा मोकळी झाली की पंप सुरू करा. दुसऱ्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला आणि कार्बन तीन-चार दिवस राहू द्या. मग ती पिशवी फेकून द्या, परत वापरू नका. कॉइल आणि लिक्विड टँकच्या खोलीत लावूच नका, मच्छरदाणी बरी.

दुसरी वेळ गणेश चवथीच्या आधीची. घर रंगवलं जातं, दारं-खिडक्यांना ऑइलपेंट, देव्हाऱ्याला व्हार्निश. टँक बहुधा त्याच खोलीत, जिथे पुढे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते. पेंट आणि थिनरची वाफ पाण्यात उतरते. रंगकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कार्बन घाला, काम संपल्यावर आठवडाभर ठेवा. एअर पंपची नळी लांब करून पंपच दुसऱ्या खोलीत किंवा बाल्कनीत ठेवता आला तर सगळ्यात उत्तम, म्हणजे टँकला बाहेरची हवा मिळते.

औषधांच्या वेळी उलटं. पावसात पाणी थंड झालं की माशांवर पांढरे ठिपके येतात, मग मॅलाकाइट ग्रीन किंवा मिथिलीन ब्लू घातलं जातं. कार्बन आत असेल तर औषध माशापर्यंत पोचण्याआधी फिल्टरमध्ये जातं. औषध घालण्याआधी पिशवी काढा, औषधाचे दिवस पूर्ण करा, मग पाणी बदलून नवी पिशवी घाला. निळा रंग दोन-तीन दिवसांत निघून जातो. तांब्याच्या औषधांवर मात्र कार्बनच्या भरवशावर राहू नका. तो थोडं घेतो, सगळं नाही, आणि झिंग्यांना उरलेलं पुरतं.

उरला कार्बन हवाबंद बरणीत, स्वयंपाकघरापासून आणि फिनाइल-कीटकनाशकाच्या कपाटापासून दूर ठेवा. पाकीट उघडं राहिलं तर तो तळणीचा धूर, अगरबत्ती, फिनाइल असं हवेतलं सगळं ओढून घेतो आणि आपल्या दमट हवेत ओलाही होतो. टँकमध्ये जाण्याआधीच अर्धा भरलेला असतो.

तुमच्यासाठी आता एवढंच करा: आत्ताची पिशवी काढून नवी, रात्रभर भिजवलेली घाला. तीन आठवड्यांची जुनी आता रंग ओढत नाहीये. आणखी तीन-चार आठवड्यांनी लाकडाचं टॅनिन ओसरेल, ताटली पांढरी दिसायला लागेल. तेव्हा कार्बन काढून त्या ट्रेमध्ये रिंगा भरा. ज्या दिवशी कार्बन काढाल त्या दिवशी स्पंज आणि वूल धुऊ नका. कार्बनवर बसलेले जिवाणू जाणारच आहेत, स्पंजवरचे तरी जागेवर राहू देत. स्पंज आठवडाभराने, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. काढलेला कार्बन, त्याच्यावर औषध किंवा कीटकनाशक गेलेलं नसेल तर, कुंडीच्या मातीत मिसळून टाकला तरी चालतो.

पानांसाठी, नवी पिशवी घालून दोन-तीन दिवस झाले की, आठवड्यातून दोनदा सूक्ष्मद्रव्यांचं खत पाकिटावरच्या अर्ध्या मात्रेत सुरू करा, आणि पाण्याचा जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा), केएच, पीएच मोजून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी शेंड्याची पानं कशी येतात, शिरा हिरव्या आहेत का सगळं पान सारखं फिकं आहे, हे त्या आकड्यांसकट कळवा. जीएच 2 च्या खाली निघाला तर पुढचं बोलणं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं असेल, आणि त्याची मात्रा मी तुमच्या पाण्याच्या आकड्यांवरूनच सांगेन.